कॅबिनेट बनवायला शिकतेय: नागपुरातला रविवारचा सुतारकाम वर्ग

मोहफूल

नमस्कार मंडळी,

गेले सात रविवार मी इथे नागपुरात एका सुतारकामाच्या वर्गाला जातेय. वय ४३, नोकरी हिशेबाची. आजवर हाताळलेलं लाकूडकाम म्हणजे पोळपाट-लाटणं. निमित्त झालं सिंकखालच्या कॅबिनेटचं. पार्टिकल बोर्डाचं होतं, पाणी लागून खालून असं फुगलं की दार उघडलं की भुसा सांडायचा. दोन मिस्त्री बघून गेले, दोघांनी "सगळंच काढावं लागेल ताई" म्हटलं. तेव्हा ठरवलं, काढायचंच आहे तर आपणच बनवून बघू.

वर्गात आम्ही आठ जण. एक डेंटिस्ट आहेत, एक नुकतेच निवृत्त झालेले काका, एक बारावी झालेला पोरगा, बाकी माझ्यासारखे. शिकवणारे दोघे. एक तरुण सर, ते सगळं मिलिमीटरमध्ये, कागदावर आराखडा काढून शिकवतात. दुसरे मिस्त्री काका, साठीच्या पुढचे, ते सगळं सुतात सांगतात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. दोघांचं एकमेकांशी चांगलं जमतं, पण "अठरा एमएम" आणि "पाऊण इंचाला अर्धा सूत कमी" हे साधारण एकच आहे हे कळायला मला तीन रविवार लागले.

पहिल्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाही. दिवसभर पटाशीला धार. दगडावर पाणी, पटाशी २५ अंशात, आणि घासत राहा. मागची बाजू आरशासारखी सपाट झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. संध्याकाळी मिस्त्री काकांनी माझी पटाशी घेतली, सागाच्या तुकड्याच्या कापलेल्या टोकावर दाबली, म्हणाले, "ही कापत नाही, चावते." परत दगडावर.

दुसऱ्या दिवशी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार. मी नवाकोरा गुण्या नेला होता. काकांनी तो फळीच्या सरळ कडेला लावून एक रेघ मारली, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. दोन्ही एकावर एक यायला हव्या होत्या. माझ्या दोन रेघा वर जाऊन चक्क फाकल्या! गुण्यात जेवढी चूक असेल त्याच्या दुप्पट अंतर तिथे दिसतं. दुकानदाराने बदलून दिला, पण मी तिथेच उभी राहून चार गुणे तपासले आणि मगच एक घेतला.

सध्या जे करतेय ते ओट्याखालचं कॅबिनेट: रुंदी ६००, उंची ७२०, खोली ५६० मिमी. खाली १०० ची पाया-पट्टी, वर दगड, म्हणजे ओटा ८४० च्या आसपास. १८ मिमीचा प्लाय, मागे ६ मिमीचा. एक मोठा ड्रॉवर, खाली दोन दारं. दारं मात्र सागाची करायचा हट्ट आहे, चौकट आणि मध्ये फळी.

कुणी असं काही केलंय का? प्लाय कुठला घ्यावा, साग कुठून आणावा, आणि मी वेडेपणा करतेय का, तिन्ही सांगा.

---

तर्री_जास्त

वेडेपणाच आहे, पण करा. वर्ग कुठे आहे? नाश्त्याची सोय काय?

---

मोहफूल

@तर्री_जास्त, वर्गाचं नाव धाग्यावर नको, जाहिरात वाटेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. नाश्त्याला कोपऱ्यावर तर्री पोहे. तर्रीचा हात प्लायला लावलात तर काका हाकलून देतात, अनुभवाने सांगतेय.

---

पेन्शनर_प्रतापनगर

प्लायबद्दल सांगतो, कारण या बाबतीत मी दोनदा फसलोय. दुकानात "वॉटरप्रूफ" हा शब्द ऐकून घेऊ नका. शीटवर आयएसचा, म्हणजे भारतीय मानकाचा, आकडा छापलेला असतो तो वाचा. आयएस ३०३ मध्ये दोन प्रकार येतात, एमआर आणि बीडब्ल्यूआर. एमआर म्हणजे नुसती दमट हवा सोसणारा, तो बेडरूमच्या कपाटाला ठीक. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणीही काही वेळ सोसणारा. आयएस ७१० म्हणजे मरीन. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का बघतात. सिंकखाली ७१० च. बाकीच्या खणांना बीडब्ल्यूआर पुरे, उगाच पैसे घालू नका.

दुसरं, १८ मिमी म्हणून घेतलेला प्लाय खरोखर १८ भरेलच असं नाही. कॅलिपर नेऊन दोन-तीन ठिकाणी मोजा. खाच १८ ची पाडली आणि प्लाय १७.३ निघाला तर सांधा खुळखुळतो.

---

काऊन_बे

ताई, आमचे बाबा सुतार. लकडगंजात आरामशीनवर पोरपणापासून काम केलं त्याइनं. मी स्वतः कॉम्प्युटरवर बसून राहिलो, पण लाकडाचा वास आला की पाय थांबते.

साग घेतानी हे पाहा. फळीच्या कापलेल्या टोकाकडून पाह्यजे, पोटाकडून नाई. पांढरा पट्टा जास्त असंन तं सोडून द्या, त्याले कीड लागते. मधला पिवळा-तपकिरी भाग पाह्यजे. अन् "पुरानं लाकूड" कोनी देऊन राहिलं तं नक्की घ्या, जुन्या वाड्याच्या तुळया-दारांचं. ते वाळून वाळून पक्कं झालं असते. फक्त खिळे काढून मशीनवर न्या, नाई तं पातं जाईन अन् आरामशीनवाला तुमाले शिव्या देईन.

अन् वेडेपणा काऊन म्हनता? बाबा म्हनते, मास्तरीन बाई असो का वकीलीन, रंधा मारला की सगळ्याइले घाम सारखाच येते.

---

आरामशीन

साग म्हटलं की नागपूरकरांची कॉलर ताठ होते, म्हणून थोडा इतिहास. व्यापारात अजून "सीपी टीक" म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस, १८६१ ला झालेला प्रांत, राजधानी आपलं नागपूर. प्रांत गेला, लाकडाच्या नावात राहिला. माल मुख्यतः चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, आलापल्ली आणि बल्लारशाचं नाव सगळ्यात वर. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून (म्हणजे बल्लारशाहूनच) साग गेला, तोही याच पट्ट्यातला. नव्या संसद भवनालाही नागपूरहून सागवान गेलं.

पण नाव सांगणारे सगळे बल्लारशाचाच साग देतात असं समजू नका. आयात केलेलं लाकूडही याच बाजारात, याच तोंडी हमीवर विकलं जातं. घनफुटाचा भाव ठरवण्याआधी फळी मोजून घ्या, आणि मोजताना स्वतःची टेप वापरा.

---

सांडगे

कुणी काहीही म्हणा, मला हे गणित पटत नाही. वर्गाची फी, अवजारं, प्लाय, चॅनल, बिजागऱ्या, शिवाय दहा रविवार. तेवढ्यात चांगल्या मिस्त्रीकडून दोन कॅबिनेटं होतील आणि ती गुण्यात असतील. हौस म्हणून करा, पण "स्वस्त पडतं" असं इथे कुणी लिहिलं तर वाचणारा फसेल.

---

मोहफूल

@सांडगे, स्वस्त पडतं असं मी म्हटलेलं नाही. पडत नाही. हिशेबाची नोकरी आहे, वही ठेवलीय. आत्तापर्यंत बाजारभावाच्या दीडपट गेलेत आणि त्यात माझी मजुरी शून्य धरलीय.

@काऊन_बे, टोकाकडून बघायचं हे सोन्यासारखं सांगितलंत. परवा तसंच बघून दोन फळ्या परत केल्या. बाबांना नमस्कार सांगा.

---

गौरीहर

कॅबिनेट गुण्यात आहे की नाही ते कसं बघता? मी यूट्यूब बघून एक शेल्फ केलं होतं, ते आयुष्यभर डावीकडे झुकलेलं राहिलं.

---

मोहफूल

@गौरीहर, कर्ण मोजून. चौकट गोंद न लावता जुळवायची, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायची, मग दुसरा कर्ण. दोन्ही सारखे तर काटकोन. माझ्या पहिल्या खोक्यात ५ मिमीचा फरक निघाला. मी घाबरून सगळं सोडवायला निघाले, तर काकांनी लांब कर्णावर क्लॅम्प लावला आणि हळूहळू आवळला. डोळ्यांदेखत ५ चे २ झाले, मग शून्य. तसंच आवळलेलं ठेवून मागचा ६ मिमीचा प्लाय खाचेत सरकवला आणि स्क्रू मारले. तुमच्या शेल्फला बहुतेक मागची फळीच नसेल. खोक्याला गुण्यात धरून ठेवते ती तीच.

आणि फळ्या कापताना पात्याची जाडी हिशेबात धरा. आमच्या मशीनचं पातं प्रत्येक कापाला ३ मिमी खातं. ८ बाय ४ च्या शीटवर चार काप म्हणजे १२ मिमी भुशात. हे कागदावर लिहायला विसरल्यामुळे वर्गातल्या डेंटिस्टांचा शेवटचा खण बुटका झाला. (त्यांनी बिजागरीच्या ३५ मिमी वाटीचं भोकही दारातून आरपार काढलं. १२ मिमीला थांबायचं होतं. "दाढेत असं करत नाही मी," म्हणाले.)

---

बंगळूरकर

मूळचा धंतोलीचा, सध्या बंगळुरात. दाराबद्दल एक सावधगिरीची सूचना, कारण तुम्ही सागाची चौकट आणि मध्ये फळी म्हणताय.

मधली फळी चौकटीच्या खाचेत गोंदाने चिकटवू नका. ती सुटी ठेवायची असते. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. ३०० मिमी रुंदीची सागाची फळी, आणि लाकडातला ओलावा ७ टक्क्यांवरून १२ वर गेला, तर रुंदी अडीच-तीन मिलिमीटरने वाढते. तेही साग या बाबतीत शहाणं लाकूड आहे म्हणून. चिकटवलेली फळी उन्हाळ्यात तडकेल किंवा पावसाळ्यात चौकटीचे सांधे उघडेल.

---

पेन्शनर_प्रतापनगर

आणि नागपुरात हे गणित उलटंसुलटं चालतं हे बंगळूरकर विसरले. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर हवा कोरडी ठणठणीत, २०१३ च्या मे मध्ये तापमान ४७.९ अंशांपर्यंत गेलं होतं. पण घरात? कूलर! वाळ्याच्या ताट्या, दिवसभर पाणी, खोलीत दमट हवा. म्हणजे बाहेर ठेवलेली फळी आकसते आणि कूलरच्या झोतात बसवलेलं दार फुगतं, तेही भर उन्हाळ्यात. आमच्या घरी दिवाणखान्यातलं सागाचं कपाट मे मध्ये अडकायचं आणि दिवाळीत सुटायचं. वडिलांना वाटायचं भूत आहे.

---

काऊन_बे

ते ५६ डिग्रीवालं पण लिहा ना काका! २०२४ च्या मे मध्ये नागपुरात ५६ दाखवलं होतं.

---

पेन्शनर_प्रतापनगर

ते सेन्सर बिघडलं होतं. हवामान खात्यानेच सांगितलं. आपल्याला खरे आकडेच पुरेसे आहेत.

---

मोहफूल

@बंगळूरकर, @पेन्शनर, दोघांचेही आभार, कारण मी फळी चिकटवणारच होते! सरांनी शिकवलं होतं तेव्हा मी बहुतेक चहा प्यायला गेले होते. आता खाच १० मिमी खोल, फळी दोन्हीकडून दोन-अडीच मिमी मोकळी. आणि फळ्या वर्गातून घरी आणून स्वयंपाकघरातच पंधरा दिवसांसाठी ठेवल्यात, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा. सासूबाईंना रोज त्या ओलांडून फ्रिजकडे जावं लागतंय. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

---

गौरीहर

काढाच. वाचायला पहिला मी.

---

मोहफूल

आठव्या रविवारचा अहवाल. खचून लिहितेय.

ड्रॉवर बसत नाहीये.

हिशेब सांगते, चूक कुठे झाली ती बघा. कॅबिनेट ६०० रुंद, दोन्ही बाजू १८ च्या, म्हणजे आत ५६४. ड्रॉवरच्या चॅनलला (ज्या पट्ट्यांवर तो सरकतो त्यांना) दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच, मिळून २५.४, मी २६ धरले. ड्रॉवर बाहेरून ५३८. कापला ५३८. मोजला ५३८. कर्ण सारखे. चॅनल लावले, ड्रॉवर आत घालायला गेले, तर तोंडाशीच अडकला. जोर लावला तर चॅनलच्या गोळ्या कुरकुरायला लागल्या.

---

सांडगे

प्लाय जाड निघाला असेल.

---

बंगळूरकर

बाजू आत झुकल्यात का? मागे आणि पुढे आतली रुंदी वेगवेगळी मोजा.

---

काऊन_बे

ताई, सनमायका कधी लावला?

---

मोहफूल

@काऊन_बे, हेच. हेच! तुम्ही घरी बसून ओळखलंत आणि मी तिथे उभी राहून दोन तास टेप मोजत होते.

झालं असं. आधी आत नुसतं पॉलिश मारायचं ठरलं होतं. मग सासूबाई म्हणाल्या की तेलाचे डबे ठेवायचेत, पुसता यायला हवं. म्हणून खोकं जुळवून झाल्यावर आतून लायनर, म्हणजे पातळ सनमायका, चिकटवला, ड्रॉवरच्या बाजूंनाही बाहेरून तोच. ०.८ मिमीचा. कॅबिनेटच्या दोन आतल्या भिंती, ड्रॉवरच्या दोन बाहेरच्या. चार वेळा ०.८ म्हणजे ३.२. आराखडा मात्र जुनाच राहिला.

मिस्त्री काका आले, ड्रॉवर उचलून तोंडाशी धरला, एक डोळा मिटून खाली-वर पाहिलं आणि म्हणाले, "सूतभर जास्त हाय." टेप लावली नाही. एक सूत म्हणजे ३.१७५. मी कॅल्क्युलेटर काढून बघितलं आणि खाली बसले.

मला वाटलं आता ड्रॉवर तोडून पुन्हा करावा लागणार. काकांनी पेन्सिलीने चॅनलची जागा आखली, ४५ मिमीची आडवी पट्टी, दोन्ही भिंतींवर आणि ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना. चॅनल काढले. मग ट्रिमर मशीनला सरळ पातं लावलं, खोली बरोबर लायनरइतकी, आणि मला म्हणाले, "आता तू." तेवढ्या पट्टीतला लायनर काढायचा, प्लाय उघडा पडला की थांबायचं. पहिल्या पट्टीला हात इतका थरथरत होता की कड वाकडी आली. दुसरीला काकांनी लाकडाची पट्टी क्लॅम्प करून दिली, मशीन तिला टेकवून चालवायचं. चौथी बरी झाली. चारही ठिकाणचे ०.८ गेले. चॅनल त्या खाचेत प्लायवर टेकून बसवले, म्हणजे बाहेरून काही दिसतही नाही.

ड्रॉवर आत गेला. बोटाने ढकलला, शेवटच्या चार बोटांना आपोआप ओढला गेला, "टक्" झालं. आठही जण टाळ्या वाजवत होते. डेंटिस्टांनी सहा वेळा उघड-बंद करून बघितला.

---

काऊन_बे

मी बाबाइले वाचून दाखवलं. ते म्हनाले, चॅनलच्या जागी मायका आधीच कापून लावाचा असते. अन् म्हनाले, बाईचा हात थरथरला हे तिनं लिहिलं, म्हनजे तिले काम येईन.

---

सांडगे

माझा प्लायचा अंदाज चुकला, मान्य. गणिताबद्दलचं मत मात्र तेच.

---

गौरीहर

मास्क घालता का? मशीनचा भुसा वाईट.

---

मोहफूल

@गौरीहर, पहिले तीन आठवडे ओढणी बांधत होते. मग सरांनी सांगितलं की लाकडाचा भुसा आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या) पहिल्या गटात आहे, म्हणजे कर्करोगाला कारण ठरतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. तेव्हापासून एन-९५, कानाला डबी, डोळ्याला चष्मा. ओढणी घरी. कुठलंही फिरतं मशीन असेल तिथे ओढणी, लांब बाही, बांगड्या, मोकळे केस काहीही चालत नाही, हे बायकांनी नक्की लक्षात ठेवा.

---

तर्री_जास्त

ते मिस्त्री काका बाकीचे दिवस काय करतात? भेटायला आवडेल.

---

मोहफूल

@तर्री_जास्त, सध्या बैल करताहेत. पोळा जवळ आलाय ना. तान्ह्या पोळ्यासाठी पोरांचे लाकडी बैल. वर्गातून उरलेले सागाचे तुकडे ते दर रविवारी पिशवीत भरून नेतात, मला वाटायचं चुलीसाठी. परवा त्यांच्या टेबलावर तळहाताएवढे अकरा बैल रांगेत उभे होते, अजून रंग नव्हता. एकाच्या वशिंडावर पांढरा पट्टा होता, तो माझ्याच परत केलेल्या फळीच्या तुकड्यासारखा दिसला, विचारलं तर हसले.

---

पेन्शनर_प्रतापनगर

नातवासाठी एक सांगून ठेवा. चाकंवाला.

---

मोहफूल

शेवटचा अहवाल. कॅबिनेट काल टेम्पोने घरी आलं. दारं सागाची, नुसतं तेल लावलंय. बिजागऱ्या झिरो क्रँकच्या (दार बाजूची कड पूर्ण झाकतं अशा), दोन दारांत दीड मिमीची फट, वरपासून खालपर्यंत सारखी. लेव्हलची नळी ठेवली, बुडबुडा मधोमध.

जागेवर सरकवलं आणि उजवीकडे वरच्या बाजूला भिंत आणि कॅबिनेट यांच्यात बोट जाईल एवढी फट. खाली कॅबिनेट भिंतीला चिकटलेलं. कॅबिनेट पुन्हा मोजलं. कर्ण सारखे. मग ओळंबा सोडला. भिंतच ओळंब्यात नाहीये, ७२० च्या उंचीत १४ मिमी बाहेर गेलीय. वीस वर्षं त्या भिंतीला टेकून स्वयंपाक केला, कधी कळलं नाही.

आता प्रश्न: भिंतीच्या आकाराची निमुळती सागाची पट्टी कापून फट भरू, की प्लास्टर घासून घेऊ? नवरा म्हणतो कॅबिनेटच थोडं तिरकं लावू.

---

काऊन_बे

पट्टी. कॅबिनेटले हात नका लावू. भाऊजीले पण लावू देऊ नका.